गाडीतली तिसरी

दिवाळीनंतर आमच्या ऑफिसात एक फॉर्म आला होता. रत्नागिरीतल्याच कुठल्याशा कॉलेजच्या मुली सर्व्हे करत होत्या, कामाला येणारी माणसं एकमेकांच्या गाडीतून का येतात याचा. कारणं छापलेलीच होती, आपण फक्त खूण करायची. पेट्रोलची बचत, एसटीचं वेळापत्रक, पार्किंगची अडचण, बायकांची सुरक्षितता, पर्यावरण. मी सगळी कारणं दोनदा वाचली आणि फॉर्म कोराच परत दिला. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, एखादं तरी टिक करा ना." मी म्हटलं, माझं कारण यात नाही. "मग खाली 'इतर'मध्ये लिहा." लिहायचं तर एकच शब्द लिहावा लागला असता, नम्रता. आणि आता तो लिहून कुणाचं काय भलं होणार होतं?

मी दर्शना. मालगुंडला राहते आणि रत्नागिरीत शेतकी खात्यात कारकून आहे. माझा नवरा विनीत जयगडला कामाला, म्हणजे त्याची वाट उत्तरेला आणि माझी दक्षिणेला. अठरा वर्षं मी एसटीने गेले. मग एकोणचाळिसाव्या वर्षी हट्टाने गाडी शिकले, कर्ज काढून एक जुनी करडी गाडी घेतली आणि पहिल्याच दिवशी स्टॉपवर उभ्या असलेल्या नम्रतासमोर नेऊन उभी केली. म्हटलं, "बस गो." ती म्हणाली, "मरायचं नाय हां मला." पण बसली.

नम्रता आमच्याच गावची सून, घरं आमची दोन वाड्या सोडून. ती एका पतपेढीत काम करते. तिचा नवरा दर्शन बोटीवर असतो, आठ-आठ महिने दर्यावर. घरी ती, सासू यमुनाबाई आणि शाळेत जाणारी मुलगी. गावात आम्हां दोघींची भेट कधी व्हायची नाही. आपापल्या घरचं करता करता संध्याकाळ संपते, कोण कुणाकडे जाऊन बसणार? आमची मैत्री सगळी गाडीतली. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. त्यात आम्ही एक नियम केला होता. आरेचा पूल येईपर्यंत घरच्या तक्रारी करायच्या, सासू, नवरा, दीर, सगळे धुऊन काढायचे. पूल ओलांडला की घर बंद. मग फक्त गंमत. पतपेढीतल्या साहेबाची नक्कल ती अशी करायची की वारेच्या चढावर मला गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची शुद्ध राहायची नाही.

लोकांना वाटायचं आम्ही पेट्रोल वाचवतो. विनीतलाही तसंच वाटायचं. मी कधी सांगायला गेले नाही, की बाबा रे, ही गाडी मी रत्नागिरीला जायला घेतलीच नव्हती. चार वर्षं असं सुखाचं चाललं होतं आणि मला ते तसंच राहायला हवं होतं, दुसरं काही नको होतं.

मग आली सानवी.

सानवी नेवरेला लग्न होऊन आलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, रत्नागिरीत एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. माहेर तिचं चिपळूणकडचं, अलोरे. जूनमध्ये एकदा नेवरेच्या स्टॉपवर भिजत उभी होती. एसटी आलीच नव्हती. नम्रता म्हणाली, "घेऊया ना हिला, भिजतेय बिचारी." घेतली. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी म्हणतात ते काही खोटं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच उभी, आणि नम्रताने मला न विचारता काच खाली करून हात केला.

पहिला महिनाभर सानवी मागे गप्प बसायची. "दर्शनाताई, तुम्ही किती छान चालवता," वगैरे म्हणायची. मला तेव्हाच कळायला हवं होतं, गाडी छान चालवणाऱ्या माणसाला डायव्हर म्हणतात. ऑगस्टात एका सकाळी नम्रता पुढचं दार सोडून मागचं उघडून बसली. म्हणाली, "सानवीला नेवरेला घेतलं की ती मला मोबाइलवर जरा काय दाखवणार हाय. आज बसते मागे." आजचं उद्यावर गेलं आणि उद्याचं रोजचं झालं. माझ्या शेजारच्या सीटवर दोघींच्या पर्स आणि डबे राहायला लागले.

मी जळले. उगाच दुसरे शब्द कशाला वापरू? त्रेचाळीस वर्षांची बाई, घरात दहावीतला मुलगा, आणि मी एका पोरीवर जळत होते. आरशाचा कोन मी बदलून घेतला. मागची वाहनं दिसेनात, पण नम्रता दिसायला लागली. ती हसली की मी हॉर्न वाजवायची. सानवी घावणे-चटणी आणायची. दोघी मागे खायच्या आणि मला म्हणायच्या, "तुझा डब्यात ठेवलाय गो, उतरल्यावर खा." उतरल्यावर तो घावणा मी ऑफिसच्या शिपायाला देऊन टाकायची. सानवीच्या हातची चटणी चांगली होती, हे त्याने मला वर सांगितलं.

आणि पुलाचा नियम? पूल कधी आला, कधी गेला, त्या दोघींना पत्ताही नसायचा. मागे हलक्या आवाजात एकच विषय चाललेला असायचा, अलोरे. कोयनेच्या वीज प्रकल्पाची कॉलनी कशी आहे, क्वार्टर रिकाम्या असतात का, शाळा कशी, पाणी कसं, चिपळूणला जायला गाड्या किती. मला त्या गावाचा राग यायला लागला. कधी पाहिलेलं नाही, कुणी ओळखीचं नाही, पण अलोरे म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा मी म्हटलंच, "काय गो, दर्शनची बोट आता अलोरेला लागणार हाय की काय?"

सानवी हसली. नम्रता हसली नाही. म्हणाली, "सांगते तुला. गाडीत नको."

"गाडीत नको तर कुठे? आपण दुसरीकडे भेटतो कुठे?"

"सांगते गो. थांब जरा."

मी थांबले नाही. थांबणं माझ्या स्वभावात नाही. मला वाटलं, त्या दोघींचं आपसातलं काही आहे आणि मला त्यातून बाहेर ठेवलंय. रात्रंदिवस डोक्यात एकच, या पोरीला गाडीतून काढायची कशी? सरळ 'येऊ नको' म्हणावं तर नम्रताच्या नजरेतून मी उतरणार. काहीतरी असं हवं होतं की सानवीने आपणहून उतरावं आणि माझ्याकडे बोट दाखवता येऊ नये.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ते मला आयतं मिळालं. सानवी मागे सांगत होती, तिच्या सासरी घट बसतो आणि सासू फार कडक. नऊ दिवस अनवाणी राहायचं, बाहेरचं खायचं नाही, विटाळ-सुतकाच्या माणसाला शिवायचं नाही. "लॅबमध्ये काय करणार, पण निदान येताजाताना तरी सांभाळ, म्हणतात सासूबाई."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमची भावकी केवढी मोठी. निम्मी मुंबईला. वर्षातून दोन-तीनदा तरी तिकडे कुणीतरी जातं, ज्याला आम्ही कधी पाहिलेलंही नसतं, आणि इकडे दहा दिवस सुतक. कोण तपासायला बसलंय? शिवाय माझ्या घरात घट नसतो. तो मूळ घरी माझी मोठी चुलतजाऊ सोनूबाई बसवते, त्यामुळे माझ्या घरी काही मोडायचं नव्हतं. आणि नम्रताच्या घरी तर घटाची पद्धतच नाही. ती असल्या गोष्टी मानणारीही नाही. म्हणजे सानवी एसटीने जाईल, आणि दहा दिवस गाडीत मी आणि नम्रता. दोघीच. पहिल्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दोघी उतरायच्या आधी, मी चेहरा पाडून म्हटलं, "आमच्याकडे सुतक आलंय. मुंबईला विनीतचे एक चुलतकाका गेले. ऑफिसातून निघतानाच फोन आला." नाव मी घेतलं नाही. नाव घेतलं की माणूस खरा होतो आणि मेलेला खरा माणूस मला नको होता.

सानवी अगदी मला हवी तशी म्हणाली. "अगबाई! मग मी दहा दिवस एसटीने जाते हां ताई. रागवू नका. सासूबाईंना चालायचं नाही."

"छे गो, राग कसला?" मी म्हटलं. मनात माझ्या लाडू फुटत होते.

तेवढ्यात नम्रता म्हणाली, "मग मला पण नाय जमायचं गो. यंदा आमच्याकडे पण घट हाय. दर्शनची बोट तिकडे अडकली होती ना मध्ये, तेव्हा सासूबाईंनी बोलून ठेवलंय. तुला म्हटलं नव्हतं का मी?"

मला नव्हतं म्हटलं. मागच्या सीटवर म्हटलं असणार. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता 'सुतक नाहीये' म्हणू कशी? सर्वपित्रीच्या दिवशी माणूस मारून पुन्हा जिवंत कसा करायचा? मी 'बरं' म्हटलं आणि दोघी आपापल्या स्टॉपवर उतरून गेल्या.

ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. रोज रिकामी गाडी घेऊन निघायची. स्टॉपवर नम्रता एसटीची वाट बघत उभी दिसायची, तिला लांबून हात करायचा आणि पुढे जायचं. पहिले दोन दिवस तिने हसून हात केला. संध्याकाळी नेवरेजवळ एकदा एसटी माझ्या पुढे होती. मागच्या खिडकीत दोघींची डोकी जवळ जवळ. मी ओव्हरटेक करताना वर पाहिलं. नम्रताची आणि माझी नजर भेटली आणि तिने मान फिरवली. फिरवली म्हणजे सरळ सानवीकडे. मी त्या दिवशी गणपतीपुळ्याच्या उतारावर अशी गाडी हाणली की एका म्हाताऱ्याने मला शिव्या घातल्या.

फोन मी केला नाही. तिनेही नाही. मी मनात म्हटलं, बघ, दहा दिवसांत हिला आठवण पण नाही. एसटीत मजा चाललीय दोघींची. मी आपल्या मनाशी भांडत बसायची आणि त्या भांडणात रोज मीच जिंकायची.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी मी गाडी आतून पुसून काढली. शेजारच्या सीटवरची धूळ दोनदा पुसली. ठरवलं होतं, आज स्वतः सांगायचं, पुढे बस. लाज वाटली तरी सांगायचं. आणि सानवी काय असेल ती असू दे, मागे बसेल.

स्टॉपवर नम्रता नव्हती. गाडी वळवून मी तिच्या घराकडे गेले. फाटकात टेम्पो उभा. त्यात कपाट, मुलीची सायकल, भांड्यांची दोन पिंपं. यमुनाबाई पडवीत कुणावर तरी ओरडत होत्या, "काचेचं हाय ता, हळू!" नम्रता साडी खोचून गाठोडं बांधत होती. मला बघून ती उठली आणि फाटकापर्यंत आली.

"काय गो हे?" मी गाडीतूनच विचारलं.

"बदली. म्हणजे बढती. अलोरेच्या शाखेत शाखाप्रमुख म्हणून. सोमवारी हजर व्हायचंय. सानवीच्या माहेराजवळ जागा मिळाली."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "सानवीला सांगितलंस आणि मला नाय!" अभिनंदन नाही, कशी गो राहशील एकटी असं नाही. हेच निघालं.

नम्रताने फाटकाची कडी धरली. आवाज तिचा अजिबात चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुला गाडीत सांगायचं नव्हतं. तू चिडलीस की गाडी कशी हाणतेस ते मी बघितलंय. म्हटलं, पक्कं काय ते ठरलं की घरी येऊन सांगू, निवांत बसून. तर तुझ्याकडे सुतक."

"हो ना..."

"दर्शना, सुतक एका घराला नसतं. भावकीला असतं."

मला काही कळेना.

"तिसऱ्या माळेला आमच्या सासूबाई तुमच्या सोनूबाईंकडे ओटी भरायला गेल्या. घट बसलेला, दिवा लावलेला, सगळी भावकी आरतीला. सासूबाईंनी घरी येऊन मला विचारलं, काय गो, दर्शनाकडे सुतक आणि त्यांच्या मूळ घरी घट? कसं काय?"

अख्खी हयात या गावात गेली माझी. भावकीत कुणी गेलं की मूळ घरचा घट बसत नाही, हे शाळेतलं पोर सांगेल. मी एवढं रचलं, एवढी रात्र-रात्र जागले आणि एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नाही. मला सानवीच्या पलीकडे काही दिसतच नव्हतं.

"मग मी विचार केला," नम्रता म्हणाली, "खोटं सांगितलंन तर कशासाठी? चार वर्षं फुकट बसत्येय मी हिच्या गाडीत. वर आणि एक दुसरी आणून बसवली. कंटाळली असेल. तोंडावर नको कशी म्हणेल? म्हणून सुतक काढलंन. पाचव्या माळेला मला साहेबांना कळवायचं होतं, जाते की नाय. कळवलं, जाते म्हणून."

"तसं नाय गो," मी म्हटलं.

"मग कसं?"

आता सांगायचं होतं. एकच वाक्य होतं, मला तू एकटी हवी होतीस. पण ते म्हणायचं म्हणजे सव्वीस वर्षांच्या पोरीवर जळले हे कबूल करायचं, टेम्पोवाल्यासमोर, यमुनाबाईंसमोर. "तसं नाय," एवढंच पुन्हा म्हटलं.

तिने दोन क्षण वाट बघितली. नंतर म्हणाली, "असू दे. चार वर्षं नेलंस, ते काय मी विसरणार नाय." आतून यमुनाबाईंनी हाक मारली आणि ती गेली.

मी निघाले. ऑफिसला उशीर होत होता म्हणून निघाले असं मी स्वतःला सांगितलं. नेवरेच्या स्टॉपवर सानवी उभी होती. थांबणार नव्हतेच मी, पण तिने हात केला आणि पाय ब्रेकवर गेला. ती पुढे बसली. डोळे सुजलेले होते तिचे. आरेचा पूल आला आणि गेला.

मग ती म्हणाली, "दर्शनाताई, काय झालं हो अचानक? मला काही कळतच नाहीये. त्या तर जाणारच नव्हत्या."

"कोण जाणार नव्हती?"

"नम्रताताई. मी किती मागे लागले होते त्यांच्या. म्हटलं, पगार वाढेल, अलोरे चांगलं आहे, शाळा चांगली आहे, माझी आई आहे शेजारी, सगळं बघेल. रोज सगळं विचारून घ्यायच्या आणि शेवटी मान हलवायच्या, नको म्हणून. मी विचारलं, का नको? तर म्हणायच्या, सकाळचा हा पाऊण तास तिथे कुठला मिळायला? आणि दर्शना एकटी पडेल, तिला माझ्याशिवाय कुणी नाही बोलायला. नाही म्हणून कळवायचं पक्कं होतं त्यांचं. मग चौथ्या दिवशी एसटीत एकदम म्हणाल्या, जाते मी."

ती आणखी काही सांगत होती. मला ऐकू येत नव्हतं. देवाशपथ खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला वाटलं, हे एवढं मोठं बोलणं माझ्याबद्दलचं, आणि ते नम्रताने या पोरीला सांगितलं, मला नाही. चार वर्षांत एकदाही मला नाही. पुन्हा जळलेच मी, तशीच, जशी ऑगस्टात जळले होते.

दुःख त्यानंतर आलं. वारेच्या चढावर मला गाडी बाजूला घ्यावी लागली. सानवीने विचारलं, "ताई, बरं वाटत नाहीये का?" आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी झटकला नाही, पण तो नम्रताचा नव्हता, एवढंच मला कळत होतं.